मेडिकल ट्रान्सक्रिप्शन म्हणजे ‘फक्त टायपिंग’ नाही, तो मेसेज पुढे पाठवण्याआधी हे वाचा

पंधरा दिवसांत हाच मेसेज मला चार ग्रुपवर आला आणि काल तर माझ्या मावसबहिणीनं “ताई, करू का गं हे?” म्हणून पाठवला. मेसेज असा: मेडिकल ट्रान्सक्रिप्शन शिका, फक्त टायपिंग यायला हवं, मेडिकलचं ज्ञान लागत नाही, ३ महिन्यांत घरबसल्या महिना ४० हजार, अमेरिकेचं काम आहे त्यामुळे कधीच कमी पडणार नाही, १५ हजार भरा, नोकरीची १०० टक्के गॅरंटी. मी २००६ पासून हेच काम करतेय, त्यामुळे गप्प बसवत नाही, एकेक घेते.

‘फक्त टायपिंग.’ मेडिकल ट्रान्सक्रिप्शन म्हणजे डॉक्टरनं पेशंटबद्दल बोलून रेकॉर्ड केलेलं ऐकायचं आणि त्याचा लेखी रिपोर्ट करायचा. टायपिंग हा यातला सगळ्यात सोपा भाग आहे, खरं काम ऐकण्याचं आहे. डॉक्टर अमेरिकेत बसलेला पण बोलण्याची ढब कुठलीही, टेक्सासची, नायजेरियाची, आपल्या आंध्रची, मागे मॉनिटर वाजतोय आणि तो एका दमात अख्खी डिस्चार्ज समरी संपवतोय. इलियम म्हणजे लहान आतड्याचा शेवटचा भाग आणि इलियम म्हणजे कमरेचं हाडसुद्धा, उच्चार एकच, स्पेलिंगमध्ये एका अक्षराचा फरक, आता कुठलं लिहायचं हे पेशंटला काय झालंय ते कळल्याशिवाय कसं ठरवणार? ॲसिडिटीचं लोसेक आणि लघवी वाढवणारं लेसिक्स यांच्यात इतके घोळ झाले की १९९० मध्ये अमेरिकेत लोसेकचं नाव बदलून प्रायलोसेक करावं लागलं.

आणि चुकलं तर काय होतं तेही सांगते. २००८ मध्ये अलाबामात एका डायबेटिसच्या पेशंटच्या डिस्चार्ज समरीत इन्सुलिन ८ युनिटच्या जागी ८० युनिट टाइप झालं, तेवढं दिलं गेलं, ती बाई गेली. २०१२ मध्ये ज्युरीनं १४ कोटी डॉलरची भरपाई ठरवली. ते ट्रान्सक्रिप्शन भारतात झालेलं होतं. मी स्वतः पहिल्याच वर्षी एका रिपोर्टमध्ये ‘नो एव्हिडन्स ऑफ मॅलिग्नन्सी’ मधला ‘नो’ गाळला होता, म्हणजे कॅन्सर नसलेल्या माणसाच्या कागदावर कॅन्सर लिहिला होता. क्यूएनं, म्हणजे आमचं काम तपासणाऱ्यानं, पकडलं म्हणून वाचलं, पण त्या रात्री झोप लागली नाही आणि तेव्हापासून एक नियम पाळते, ऐकू आलं नाही तर अंदाज करायचा नाही, ब्लँक, म्हणजे रिकामी जागा, सोडायचा आणि ऑडिओतली वेळ टाकायची.

‘मेडिकलचं ज्ञान लागत नाही.’ डिग्री लागत नाही हे खरंय, माझ्याबरोबरची एक बीकॉमवाली आमच्यात सगळ्यात भारी होती. पण ॲनाटॉमी, औषधांची नावं, लॅबच्या नॉर्मल व्हॅल्यू, ऑपरेशनची अवजारं हे सगळं शिकावंच लागतं, आणि इंग्रजी व्याकरणसुद्धा.

‘३ महिन्यांत ४० हजार.’ पैसे ओळीवर मिळतात, आणि ओळ म्हणजे स्पेस धरून ६५ अक्षरं. १० मिनिटांच्या ऑडिओत साधारण शंभर-सव्वाशे ओळी निघतात, नवख्याला त्याला दीड तास सहज लागतो, म्हणजे आठ तासांत सहाशेच्या आसपास. गणितासाठी ओळीला १ रुपया धरा, २५ दिवस धरा, तरी १५ हजार होतात, आणि तेही चुकांमुळे कुठलंच काम परत आलं नाही तर. आणि घरबसल्या म्हणाल तर पेशंटची माहिती आहे ती, ती गुप्त ठेवायला अमेरिकेचा हिपा कायदा आहे, बहुतेक ठिकाणी आधी ऑफिसात बसवतात, अ‍ॅक्युरसी ९८ टक्क्यांच्या वर टिकली की मग घरचं बघतात.

‘कधीच कमी पडणार नाही.’ इथं तर सरळ खोटं आहे. स्पीच रेकग्निशन, म्हणजे बोललेलं ऐकून आपोआप लिहिणारं सॉफ्टवेअर, आल्यापासून निव्वळ टायपिंग घटतच गेलंय, आता मशीन ड्राफ्ट करतं आणि आपण एडिट करतो, एडिटिंगचा दर टायपिंगपेक्षा बराच कमी. मायक्रोसॉफ्टनं २०२२ मध्ये न्युआन्स ही असलं सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी घेतली, त्यांचं सॉफ्टवेअर डॉक्टर-पेशंटचं बोलणं ऐकून नोट तयार करतं. म्हणून सगळं संपलं असंही नाही, नवी मुंबईच्या आयकेएस हेल्थनं २०२३ मध्ये ॲक्विटी ही अमेरिकेची ट्रान्सक्रिप्शनवाली कंपनी विकत घेतलीच की. मशीनला ऐकू आलं नाही तरी ते ब्लँक सोडत नाही, गुळगुळीत वाक्यात चुकीचं लिहून मोकळं होतं, आणि ते पकडायला कान आणि ज्ञान दोन्ही असलेला माणूस लागतो. त्यामुळे आज शिकायचंच असेल तर एडिटिंग, स्क्राइबचं काम (डॉक्टर पेशंट तपासत असतानाच नोट लिहिणं) आणि जमलं तर मेडिकल कोडिंग (बिलासाठी आजार-उपचारांना ठरलेले कोड देणं) धरून शिका.

‘१५ हजार भरा, गॅरंटी.’ चांगली कंपनी टेस्ट घेते, पैसे मागत नाही. डिपॉझिट घेऊन फाइल्स द्यायच्या आणि मग अ‍ॅक्युरसी कमी पडली म्हणून वकिलाची नोटीस पाठवून आणखी पैसे उकळायचे, हे घरबसल्या टायपिंगच्या नावानं कितीतरी जणांबरोबर झालंय. कुणी फसलं असेल तर घाबरून पैसे भरू नका, १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. आणि क्लास लावायचाच असेल तर आधी विचारा, खऱ्या डिक्टेशनसारख्या ऑडिओवर किती तास सराव देणार, तपासणार कोण?

मावसबहिणीला सांगितलंय, रविवारी ये, माझ्याकडे सरावाची १० मिनिटांची फाइल आहे, हेडफोन लाव, किती ब्लँक पडतात ते दोघी मिळून बघू. तोवर ते १५ हजार भरू नकोस.