टिपांचा डबा दाराआड मोजू नका

एका लेखात म्हटलंय की गोव्यात कळंगुटच्या हॉटेलांत सीझनला कामाची माणसं टिकत नाहीत, तर बोनस वाढवा. अर्थशास्त्राचं हे जुनंच औषध. पण माणूस नुसता आकडा बघत नाही, शेजाऱ्याच्या आकड्याशी ताडून बघतो. 1982 मध्ये वेर्नर ग्यूथ आणि सहकाऱ्यांनी मांडलेला ‘अल्टिमेटम’ खेळ घ्या: एकाने रक्कम वाटायची, दुसऱ्याने घ्यायची किंवा नाकारायची, नाकारली तर दोघांचेही हात रिकामे. मिळेल तो रुपया घ्यावा असं गणित सांगतं, तरी 20 टक्क्यांखालचा वाटा पुष्कळ जण लाथाडतात. टोळीत शिकार वाटून खाताना घडलेला मेंदू आहे, असं उत्क्रांतीवाले म्हणतात, पटण्यासारखं आहे.

आता टिपांचा डबा, म्हणजे गिऱ्हाइकांनी ठेवलेली बक्षिसी जमते तो. मॅनेजरने केबिनमध्ये मोजून पाकिटं वाटली, की भांडी घासणाऱ्याचं बिनसतंच, रक्कम बरी असली तरी. म्हणून डबा रोज रात्री सगळ्यांसमोर उघडा. वेटर, किचन, भांडी यांचे हिस्से ऑक्टोबरआधी ठरवून वहीत लिहा आणि मार्चपर्यंत हलवू नका. मध्येच एकट्या शेफचा हिस्सा वाढवलात, तर जानेवारीत वेटर शोधत फिराल.

‘माणूस 150 जणांशीच नातं राखतो’ हा मानसशास्त्रज्ञ रॉबिन डनबारचा आकडाही अशा चर्चेत येतो, तो मात्र मंत्रासारखा जपू नका. 2021 मध्ये स्टॉकहोमच्या संशोधकांनी आकडेमोड पुन्हा केली, तेव्हा उत्तराचा पल्ला इतका रुंद निघाला की 150 ला धरून काही ठरवणं कठीण. चाळीस जणांच्या हॉटेलात तर त्याचा प्रश्नच नाही.