द्राक्षातला रेसिड्यू आणि पाखरांचा हिशेब

रॉटरडॅम बंदरात उतरलेली नाशिकची द्राक्षे दर वर्षी मार्चच्या सुमारास आमच्या उट्रेख्टच्या दुकानांत दिसू लागतात आणि निफाडला द्राक्षबाग असलेल्या दादाशी फोनवर, फवारणीने पाखरांचे काय होते यावरून, माझा ठरलेला वाद सुरू होतो. दादाचे म्हणणे असे, की तिकडे बसून पाखरांची काळजी करणे सोपे आहे; डावणी, भुरी हे रोग आणि थ्रिप्स, मिलीबग या किडी एकाच हंगामात बागेवर चालून आले की फवारणीवाचून गत्यंतर नसते. हे मला मान्य आहे, कारण ती बाग मीही पाहिली आहे. गेल्या वेळी सकाळी फवारणीचा ब्लोअर फिरत असताना दोन कोतवाल त्याच्या मागे तारेवरून तारेवर येत होते आणि पानांतून गळून पडणारे, अजून पाय हलवणारे किडे टिपत होते. त्यांच्या दृष्टीने ती मेजवानीच होती.

नेदरलँड्समध्ये २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले, की जिथे पाण्यातील इमिडाक्लोप्रिड या कीटकनाशकाचे प्रमाण लिटरमागे २० नॅनोग्रॅमहून अधिक होते, तिथे कीटकभक्षी पक्ष्यांची संख्या सरासरी वर्षाला साडेतीन टक्क्यांनी घटत होती. हा संबंध संख्याशास्त्रीय होता, थेट कारणाचा पुरावा नव्हे. पुढे २०१९ साली कॅनडातील संशोधकांनी स्थलांतर करणाऱ्या चिमण्यांना याच औषधाची अल्प मात्रा दिली, तेव्हा काही तासांतच त्यांचे वजन घटले आणि पुढचा प्रवास सुमारे साडेतीन दिवस लांबला. म्हणजे पक्षी मरत नाही, पण विणीच्या जागी उशिरा पोहोचतो. हे औषध पाण्यात विरघळते, म्हणून मुळाशी ओतलेले सगळेच वेलीत चढत नाही. उरलेले मातीत राहते किंवा वाहून जाते.

युरोपने २०१८ साली उघड्या शेतातील त्याच्या वापरावर बंदी घातली खरी, पण ती मधमाश्यांसाठी. शिवाय हरितगृहे तेव्हा वगळली होती. तेव्हा इथल्या लोकांनी आपल्याला शहाणपण शिकवावे, असे मी म्हणत नाही.

मला खटकते ते वेगळेच. निर्यातीच्या द्राक्षाचा नमुना औषधाचा उरलेला अंश, म्हणजे रेसिड्यू, तपासायला प्रयोगशाळेत जातो, काढणीपूर्वी किती दिवस फवारणी थांबवायची हे दादाला तोंडपाठ आहे, आणि हे सारे युरोपातल्या खाणाऱ्यासाठी. त्याच निफाड तालुक्यात नांदूरमध्यमेश्वर आहे, २०२० साली जाहीर झालेले महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. गोदावरी आणि कादवेच्या त्या पाण्यावर हिवाळ्यात दूरदेशीचे पक्षी उतरतात, नेमके तेव्हाच, जेव्हा गोडी छाटणीनंतरच्या, म्हणजे फळांसाठी ऑक्टोबरच्या सुमारास होणाऱ्या छाटणीनंतरच्या, फवारण्या जोरात असतात. द्राक्षासोबत त्या पाण्याची एक बाटलीही त्याच प्रयोगशाळेत नियमाने जावी, एवढीच माझी मागणी आहे.

दादा यावर म्हणाला, ‘‘आकडा वाईट आला तर तुमचेच व्यापारी तो आमच्या अंगावर फेकतील.’’ २०१० साली क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढ-नियंत्रकाच्या अंशामुळे नाशिकचा माल युरोपात नाकारला गेला, ते ज्याने सोसले, त्याची ही भीती मला खोटी म्हणता आली नाही. मी फक्त विचारले, की आकडा आपणच आधी काढलेला बरा, की त्यांनी काढून दाखवलेला.