पाचवीला पुजलेली आवृत्ती

विदर्भातल्या शाळा उरलेल्या महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जून संपत आला की उघडतात, आणि या जादा सुट्टीचा हिशेब घरात जो माणूस रिकामा दिसतो त्याच्याकडून चुकता केला जातो. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे सरकला की पोरांना दुपारी अंगणात सोडता येत नाही, आणि ओसरीत कोंडले तर कूलरसमोरच्या जागेसाठी ती एकमेकांच्या झिंज्या उपटतात. म्हणून मी त्यांच्यासमोर ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळाचे नाव काढले. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतली पात्रे व्हायचे आणि जमेल की नाही अशी शंका आली की फासा टाकायचा, एवढे ऐकूनच पोरे तयार झाली. खोळंबा झाला तो मोठ्यांमुळे. हा खेळ १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला आणि तेव्हापासून त्याच्या नियमांच्या इतक्या आवृत्त्या निघाल्या आहेत की कोणती घ्यावी हे विचारणाऱ्याचा खेळ तिथेच आटोपतो.

मी ते विचारले, आणि तेही कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. पुण्यात नोकरीला असलेल्या पुतण्याने ताबडतोब कळवले की, “काका, लहान पोरांना १९८१ ची ‘बेसिक’ आवृत्तीच द्या, अवघी ६४ पाने आहेत.” नागपूरला शिकणाऱ्या भाचीने त्यावर लिहिले की, “मामा, त्याचे ऐकू नका, पाचवी आवृत्ती घ्या.” त्यानंतर दोघांनी रात्री उशिरापर्यंत जे लिहिले ते वाचून माझ्या मावसभावाचा समज झाला की वाद शेताच्या वाटणीचा आहे. तिसरी आवृत्ती २००० साली आली आणि २००३ मध्ये तिची साडेतीन झाली, हे मला त्या रात्री कळले. साडेतीन म्हटल्यावर आपल्याकडे मुहूर्त तरी निघतो. तिकडे फक्त हिशेब वाढला. २००८ च्या चौथीला चौकटी आखलेला पट लागतो म्हणे. आमच्या ओसरीची शहाबादी फरशी त्या कामी आली असती. परंतु आईने ती नुकतीच पुसली होती, त्यामुळे चौथी आवृत्ती चर्चेविनाच बाद झाली.

पुतण्याने आपली बेसिकची जुनी प्रत एसटीने पाठवली, म्हणून सुरुवात तिच्यापासून केली. तिच्यात चिलखत जितके भक्कम तितका त्याचा आकडा लहान असतो. हे पोरांच्या डोक्यात शिरणार नाही अशी मला भीती होती, पण वर्गात पहिला आलेला हुशारच असतो म्हटल्यावर शंका मिटली. घोटाळा जादूगारापाशी झाला. पहिल्या पातळीच्या जादूगाराला या नियमांत एकच मंत्र मिळतो, चिलखत घालता येत नाही आणि त्याचा जीव चार बाजूंच्या फाशावर ठरतो. भावाचा तिसरीतला मुलगा हट्टाने जादूगार झाला आणि त्याच्या वाट्याला जीव आला एक. त्याने मंत्र टाकून सगळे गॉब्लिन, म्हणजे गोष्टीतले खुजे राक्षस, झोपवले, दोन मिनिटे राजासारखा बसला आणि पुढच्या खोलीत मोठा उंदीर चावून मेला. जीव शून्यावर आला की पात्र संपले, असा तिथला कायदा. पोर जे रडत स्वयंपाकघरात गेले ते आईलाच घेऊन बाहेर आले.

“पोट्ट्याले कायले मारलं रे तू?”

“मी नाही मारलं, उंदीर चावला.”

“कुठी चावला? पाहू दे पाय.”

पुतण्याचे म्हणणे असे की मरणाच्या भीतीनेच पोरे जपून खेळायला शिकतात. मला ते पटले नाही. अंधार पडल्यावर गोठ्यापर्यंत एकटे न जाणाऱ्या पोराला आणखी जपायला कशाला शिकवायचे? तो या खेळात आला तो चार घटका बिनधास्त होण्यासाठी.

२०१४ च्या पाचवीत जीव शून्यावर आला की पात्र बेशुद्ध पडते, मग पाळीगणिक वीस बाजूंचा फासा टाकायचा. दहा किंवा वर आले तर यश, तीन यशांवर जीव वाचला आणि तीन अपयशांवर संपला. या फाशाच्या वेळी कूलरसमोरची जागासुद्धा रिकामी पडते. शिवाय तिच्यातल्या जादूगाराला काही मंत्र कितीही वेळा टाकता येतात, म्हणजे कोणी पोर हात चोळत बसत नाही. खेळाडूंचे पुस्तक ३२० पानांचे आहे खरे, परंतु मूळ नियमांची फुकट प्रत प्रकाशकांनीच दिलेली आहे आणि तिच्यातले चारच पेशे, लढवय्या, जादूगार, चोर आणि पुरोहित, आम्हाला पुरले. एका प्रश्नाने मात्र मला निरुत्तर केले. ताकद १६ लिहायची आणि फाशात मिळवायचे ३, हे ऐकून शेजारची सहावीतली मुलगी म्हणाली, “मंग १६ लिहाले कायले लावता, काका? ३च लिहू ना.”

वीस बाजूंचा फासा तालुक्याला मिळाला नाही. दुकानदाराने लुडोचा फासा पुढे करून सांगितले की सहाच्या वर माल येत नाही, भाऊ. तेव्हा १ ते २० च्या चिठ्ठ्या स्टीलच्या डब्यात घातल्या. डबा उघडला की कूलर त्यांतल्या चार उडवतो. शिवाय २० च्या चिठ्ठीचा कोपरा कोणीतरी नखाने दुमडून ठेवला होता, हे उशिरा ध्यानात आले. मोबाइलवरचा फासा पोरांना नामंजूर, कारण मोबाइल काकांचा.

शेवटी पाचवी कायम केली. पाळी कोणाची यावरून रोज होणारी हाणामारी टाळण्यासाठी जुन्या बेसिकमधला दर पक्षाने मिळून एकच फासा टाकण्याचा नियम मात्र तिच्यात घुसवला. पुतण्या खूश झाला, भाचीने याला भेसळ म्हटले आणि लगोलग कळवले की, “मामा, २०२४ ची सुधारित प्रत आली आहे, तीच घ्या.” मी तिला कळवले की आता ते होणे नाही, पोरांनी आपापल्या पात्रांची नावे पेनने लिहून टाकली आहेत.