29वं वचन वाचलं, 30वं काहून नाही वाचलं?

आमच्या फॅमिली ग्रुपवर आठवडाभरापासून एक फॉरवर्ड फिरून राहिला. पवित्र आत्म्याबद्दल, म्हणजे देवाच्या आत्म्याबद्दल, मनात एकदा जरी वाईट विचार आला तरी माफी कायमची बंद, आत्महत्येलाही माफी नाही, बाकीच्या पापांचं काय, देवाला सॉरी म्हटलं की झालं. सदर भागातल्या आमच्या मावशीनं तो वाचला आणि रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजन (येशूच्या आठवणीतला भाकर-द्राक्षारसाचा विधी) घ्यायला जागची उठलीच नाही, म्हणे मला तसले विचार येतात. म्हणून हे लिहून राहिलो.

बायबलातल्या मार्कच्या पुस्तकाचा 3रा अध्याय काढा ना बाप्पा. येशू भुतं काढून लोकांना बरं करते, सगळ्यांच्या डोळ्यासमोर, आणि यरुशलेमहून आलेले शास्त्री, म्हणजे यहुदी धर्मशास्त्राचे पंडित, म्हणतात याच्यात बालजबूल आहे, भुतांच्या सरदाराच्या जोरावर हा भुतं काढते. तेव्हाचं येशूचं ते बोलणं आहे. 28व्या वचनात तर सगळ्या पापांची क्षमा होईल असंच म्हटलंय, मग 29व्यात पवित्र आत्म्याविरुद्ध बोलण्याचा हा एक अपवाद, आणि 30व्यात मार्कनं कारणही लिहून ठेवलं, की याला अशुद्ध आत्मा लागलाय असं ते म्हणत होते म्हणून. म्हणजे देवाचं काम डोळ्यानं पाहूनही त्याला सैतानाचं म्हणणं. झोप लागत नसताना डोक्यात येणारा नकोसा विचार कुठं आणि हे कुठं! जुन्या मराठी बायबलात शब्दच ‘दुर्भाषण’ आहे, म्हणजे वाईट बोलणं, नुसता विचार नाही. आणि नुसतं तोंडून वाईट निघालं म्हणूनही कोणी संपत नाही, येशूचा प्रेषित पौल बायबलातल्याच 1 तीमथ्य 1:13 मध्ये स्वतःला आधीचा निंदक म्हणते, ग्रीकमध्ये मार्कच्याच त्या शब्दाच्या घरातला शब्द, आणि पुढं लगेच म्हणते की माझ्यावर दया झाली. येशूचा शिष्य पेत्र, त्यानं तर तीनदा येशूची ओळखच नाकारली होती, तरी तोही संपला नाही.

ऑगस्टीन या जुन्या ख्रिस्ती धर्मपंडितानं याचा अर्थ असा लावला की मरेपर्यंत पश्चात्तापच न करणं हेच ते पाप. मग ज्याला आपण ते केलं की काय म्हणून रडू येऊन राहिलं त्यानं ते केलेलं नाही, एवढं तर कळते ना भाऊ.

आत्महत्येचं म्हणाल तर बायबलात कुठंही तिला अक्षम्य म्हटलेलं नाही. चर्चनं एकेकाळी अशा लोकांना नीट दफनही करू दिलं नाही हे खरं, पण 1992 च्या कॅथलिक शिकवणीच्या पुस्तकात साफ लिहिलंय की त्यांच्या तारणाची, म्हणजे मुक्तीची, आशा सोडू नये. ज्या घरात असं झालंय तिथंही हा फॉरवर्ड पोचत असेल, याचा तरी विचार करायचा होता.

आणि ते सॉरीवालं. लूक 19 मधला जक्कय जकातदार, त्यानं नुसतं सॉरी नाही म्हटलं, अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याचं फसवून घेतलं त्याला चौपट परत.