टायर चढवलेल्या चाकाला गॅस लावू नका

नांगरटीच्या तोंडावर शेतकऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज हमखास फिरतो. जुन्या ट्रॅक्टरची ओढ वाढवायची, तर चाकाचे गंजलेले नट गॅसने लाल करून सोडवा, मागच्या टायरांत मिठाचं पाणी काठोकाठ भरा, मिळतील तेवढी वजनं मागे लावा आणि तोंड उचललं तर बंपरवर भार टाका. हे वाचून कुणी कामाला लागण्याआधी चार शब्द.

गॅसचा सल्ला जीवघेणा आहे. टायर चढवलेला असताना रिमला किंवा नटाला ज्योत लावली, की आतलं रबर तापून पेट घेणारा वायू सोडतं, दाब चढत जातो आणि टायर फुटतो. गॅस बंद केल्यावर काही वेळानेही फुटू शकतो. समोर बसलेला माणूस वाचत नाही. ‘हवा काढलीय की’ असं म्हणून भागत नाही. टायर रिमवरून उतरवल्याशिवाय तिथे ना गॅस, ना वेल्डिंग.

मग नट निघणार कसा? तारेच्या ब्रशने आटे साफ करा, गंज सोडवायचं तेल मारा आणि रात्रभर मुरू द्या. सकाळी नटाच्या पैलूंवर हातोडीने हलके ठोके द्या. नट आधी किंचित आवळा, कारण गंजाची पकड आवळतानाही मोडते. मग पाव फेरा सोडा, परत मागे घ्या, पुन्हा तेल. पाना सहा पैलूंचा, घट्ट बसणारा हवा. सैल पान्याने कडा गोल होतात आणि दुप्पट काम वाढतं. एवढं करूनही हलला नाही तर छिन्नीने नट फोडा आणि नवा बोल्ट त्याच ग्रेडचा घाला. डोक्यावर 8.8 किंवा 10.9 असा आकडा असतो, तो बघून घ्या. चाकावरची वजनं बीडाची असतात. त्यांच्यावर घण घालू नका, तडकतात.

आता पाणी. ते भरणं योग्यच, स्वस्तातलं वजन आहे. पण काठोकाठ नको. चाक जॅकवर घ्या, व्हॉल्व्ह सगळ्यात वर आणा आणि पाणी व्हॉल्व्हपर्यंत आलं की थांबा. म्हणजे टायर साधारण पाऊण भरतो. 13.6-28 मापाच्या टायरात एवढ्याने दोनशे किलोच्या आसपास वजन येतं. उरलेल्या जागेत हवा हवीच, नाहीतर दगड-बांधाचा दणका थेट टायरला आणि अ‍ॅक्सलला बसतो. मीठ कशाला? थंड देशांत पाणी गोठू नये म्हणून कॅल्शियम क्लोराइड घालतात. आपल्याकडे ती गरजच नाही, आणि मीठ गळून रिम आतून खातं. पुढच्या वेळी तेच नट आणखी गंजलेले सापडतील.

‘मिळेल तेवढं वजन’ हेही चूक. मागच्या टायरवर चुन्याची खूण करा, नांगर लावून चाकाचे 10 फेरे होईतो चाला, दोन्ही टोकांना खुंट्या ठोका. तेच अंतर नांगर उचलून पुन्हा चाला आणि फेरे मोजा. साडेआठ ते नऊ भरले तर वजन बरोबर आहे. आठच्या खाली आले तर चाक जास्त घसरतंय, वजन वाढवा. साडेनऊच्या वर गेले तर वजन जास्त झालंय. ताण गिअर आणि अ‍ॅक्सलवर जातो, काळी जमीन दबते, डिझेल वाया. रोटाव्हेटरला, म्हणजे फिरत्या पात्यांनी माती भुसभुशीत करणाऱ्या अवजाराला, ओढ लागत नाही, तेव्हा जादा वजनं उतरवूनच ठेवा.

राहिला बंपर. पलटी नांगर मागे उचलून नेताना तोंड हलकं होतं, तिथे पुढचं वजन हवंच. पण उसाची ट्रॉली ओढताना ट्रॅक्टरचं तोंड वर उचलत असेल, तर आधी ट्रॉली कुठे जोडलीय ते बघा. टॉपलिंकच्या (अवजाराला वरून धरणाऱ्या दांड्याच्या) जागी किंवा अ‍ॅक्सलच्या वर साखळी अडकवली, की ओढच तोंड उचलते, बंपरवर कितीही लादा. ट्रॉली खाली ड्रॉबारलाच (ट्रॅक्टरच्या मागच्या खालच्या ओढपट्टीलाच) जोडा, पिन पूर्ण बसवा आणि तिची क्लिप लावल्याशिवाय गिअर टाकू नका.