भांडण यांचं, दारं बंद आमची

यांचं कोणाशी वाजलं नाही असा एक महिना जात नाही. उन्हाळ्यात कूलरच्या पाण्यावरून वरच्यांशी, मग गाडी लावण्यावरून शेजारच्या काकांशी. हे बोलून मोकळे होतात, अन् बोलणं तुटतं माझं, लेकराचं!

यंदा तान्ह्या पोळ्याला तर जीव तुटला माझा. पोरानं लाकडी बैल सजवला, गळ्यात घुंगरू बांधले अन् विचारलं, "आई, बोजारा मागायला कोणाकडे जाऊ? काकांकडे बाबा नको म्हणतात." बैल घेऊन दारी आलेल्या पोरांना देतात तो खाऊ-पैशाचा बोजारा मागायला अख्ख्या गल्लीत तीनच दारं उरली होती. सणासुदीला, बाप्पा, एवढ्याशा लेकराला!

त्यानं काऊन भोगायचं हे? यांना सांगून टाकलं, तुमचा अबोला तुमच्यापाशी ठेवा. काकूंकडे मीच घेऊन गेली त्याला, बैलासकट.