नाकातली वाट प्रत्येक गाठीपर्यंत जात नाही

‘मेंदूतली कॅन्सर नसलेली कोणतीही गाठ आता नाकातून दुर्बिणीने निघते. चीर नाही, धोका नाही, घाईही नाही. कवटी उघडायला सांगणारा डॉक्टर पैशांसाठी सांगतो.’ असा मेसेज व्हॉट्सॲपवर फिरतोय. त्यावर विसंबून कुणी ठरलेलं ऑपरेशन रद्द केलं तर डोळे गमवायची वेळ येईल, म्हणून हे लिहितोय.

कोणतीही गाठ? नाही. नाकाच्या मागे, खोलवर, स्फेनॉइड ही हवेची पोकळी असते आणि तिला लागूनच, मेंदूच्या तळाशी, पिट्युटरी ही हार्मोन्स बनवणारी ग्रंथी. त्यामुळे पिट्युटरीच्या बहुतेक गाठींना ही वाट सरळ पडते. ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकमध्ये सर्जन हर्मन श्लोफर यांनी १९०७ सालीच नाकावाटे अशी गाठ काढली होती. दुर्बीण रुळली ती १९९०च्या दशकापासून, आणि तिच्यामुळे आडबाजूचे कोपरेही दिसू लागले. पण मेनिन्जिओमा नावाची गाठ अनेकदा कवटीच्या वरच्या भागाखाली, मेंदूच्या आवरणातून वाढते. तिथे नाकातून पोचायचं तर चांगला मेंदू भेदावा लागेल. अशा वेळी कवटी उघडायला सांगणारा सर्जन रुग्णाला जपत असतो.

चीर खरंच बहुधा दिसत नाही. मात्र मेंदूभोवतीच्या पाण्याची गळती बुजवायला कधी पोटाची किंवा मांडीची चरबी घेतात, तिथे टाके येतात.

‘धोका नाही’ हे तर घातकच. ग्रंथीच्या दोन्ही बाजूंना मेंदूला रक्त नेणाऱ्या कॅरोटिड धमन्या, वर डोळ्यांच्या नसा. ऑपरेशननंतर नाकातून पाण्यासारखं गळू लागलं तर सर्दी म्हणून सोडू नका. ते मेंदूभोवतीचं पाणी असू शकतं आणि त्यातून मेनिन्जायटिस, म्हणजे मेंदूच्या आवरणाचा संसर्ग, होऊ शकतो. लघवी एकदम वाढू शकते. घरी गेल्यावर सोडियम घसरू शकतं, म्हणून सांगितलेली रक्ततपासणी चुकवू नका.

एक गोष्ट मेसेजमध्ये नाहीच. प्रोलॅक्टिनोमा ही पिट्युटरीचीच गाठ बहुतेकदा कॅबरगोलिनच्या गोळ्यांनी आकसते, ऑपरेशन लागत नाही. म्हणून प्रोलॅक्टिन या हार्मोनची रक्ततपासणी आधी झाली का, हे विचारा.

आणि घाई? लहान, त्रास न देणाऱ्या गाठीवर एमआरआय करत नजर ठेवतात, हे खरं. पण दोन्ही बाजूंचं दिसेनासं होत असेल, तर गाठ डोळ्यांच्या नसांवर दाब देत असू शकते. तिथे थांबणं महागात पडतं. अचानक असह्य डोकेदुखी, उलटी आणि दृष्टी अंधुक झाली तर गाठीत रक्तस्राव झालेला असू शकतो. त्याच तासाला हॉस्पिटल गाठा.